जुनेराचा संसार

डिचोली 1781 साली आणि पेडणे 1788 च्या तहाने सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. राज्य बदलले, सोयरीक मात्र बदलली नाही. पेडण्याची लेक बांद्याला दिलेली असे. डिचोलीचा माणूस दोडामार्गाच्या बाजारी जाई. नवी वस्तू क्वचितच विकत घेऊन संसार करण्याची कोकणची जुनी रीत या मुलखात दीर्घकाळ टिकली.

पावसाळ्याआधी पुरुमेंत भरावे, म्हणजे मीठ, मिरची, सुके मासे, सोले यांची बेगमी करावी. मग दुकानाची पायरी शक्यतो चढू नये. न्हाणीतल्या भाणाला भोक पडले तर कासाराकडून डाख लावून घ्यावा. लुगडे विरले की त्याची गोधडी करावी, गोधडी विरली की पोतेरे. लोहारसुताराची मजुरी सुगीला भातात चुकती होई.

या काटकसरीचे आज फार गोडवे गायिले जातात. परंतु ती पुष्कळांनी व्रत म्हणून पत्करली नव्हती; हाती रोकडच नसे. भाटकाराच्या जमिनीत झोपडी घालून राहणाऱ्या मुंडकाराच्या घरी जे जुनेर येई, ते धन्याच्या घरी वापरून झालेले असे. जुने घेणाऱ्याला नवे मागण्याची सोय नव्हती, हेही विसरता येत नाही.

गोवा मुक्त व्हावा म्हणून भारत सरकारने 1954 पासून निर्बंध घालण्यास आरंभ केला. 15 ऑगस्ट 1955 रोजी पेडणे महालातील पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर सीमा जवळजवळ बंदच झाली. आता गोव्यात टंचाई माजेल, असा अनेकांचा अंदाज होता. घडले उलटेच! हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट बंदरात उतरू लागले. त्याची किंमत बव्हंशी लोहखनिजाने भरली; डिचोलीच्या डोंगरांतले ते खनिज बार्जांतून मांडवीमार्गे मुरगावला आणि तेथून जपानकडे जात होते. दुकाने भरली, तुटले ते बांद्याचे माहेर.

खाणीवर मजुरी रोख मिळे. ज्याने जन्मभर भात मोजून घेतले, त्याच्या मुलाच्या हाती नाणे आले, आणि जुनेर नाकारण्याचे बळही. हा लाभ लहान नव्हता. पण खाणींचा गाळ पावसात शेतांत उतरला. ज्या भातावर लोहारसुतारांचे घर चाले, ते भातच अनेक ठिकाणी उणावले.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. मुंडकाराला घराचे संरक्षण देणारा कायदा 1975 साली आला. खाणी चालूच राहिल्या, वाढल्याही. 2012 साली त्या थांबल्या, तेव्हा हप्त्यांवर घेतलेले ट्रक डिचोलीच्या वाड्यावाड्यांतून उभे राहिले. चाके जागची हलेनात; हप्ते मात्र चालूच होते. शेताकडे परतावे, तर कित्येकांच्या शेतात तांबडा गाळ होता.