आरोच्या गावांचा मागोवा

नायजेरियाच्या योरुबा मुलखात एखाद्याला कुणाला न दिसणारे दिसू लागले, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तो घर सोडून भटकू लागला, की घरचे आधी कारण शोधत. कुणाची करणी, पूर्वजांचा कोप, की रक्तातूनच उतरलेला दोष? बाबालावो, म्हणजे इफा दैवताचा पुजारी, कौल लावी. वैद्य रावोल्फियाची मुळी देऊन रोग्याला शांत करी. आपल्या सर्पगंधेचीच ही आफ्रिकी बहीण. तिच्या या वापराची नोंद रेमंड प्रिन्स या कॅनेडियन मनोविकारतज्ज्ञाने १९६० मध्ये केली. मुळीबरोबर बेड्याही असत, हे मात्र आपण विसरू नये.

इंग्रजी अमलात कारणाचा शोध मागे पडला, बंदोबस्त पुढे आला. १९०७ मध्ये लागोसला याबा येथे वेड्यांसाठी कोंडवाडा उघडला. केनियात काम केलेले मनोविकारतज्ज्ञ जे. सी. कॅरदर्स यांनी १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी ग्रंथ लिहिला आणि आफ्रिकी मनाची तुलना मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या युरोपियनाशी केली. पुढच्याच वर्षी अबेओकुटाचे सुपुत्र डॉ. थॉमस अडेओये लांबो विलायतेत शिकून परतले आणि गावाजवळच्या आरो रुग्णालयाचा कारभार पाहू लागले. रुग्णाने एखाद्या नातेवाइकासह आसपासच्या गावांत बिऱ्हाड करावे, दिवसा रुग्णालयात उपचार घ्यावेत, संध्याकाळी माणसांत परतावे, अशी पद्धत त्यांनी बसवली. विजेचे झटके आणि नवी औषधे त्यांनी वापरलीच. शिवाय पारंपरिक वैद्यांनाही सोबत घेतले. १९६१ मध्ये पहिली अखिल आफ्रिकी मनोविकार परिषद अबेओकुटालाच भरली.

तिथून वाट जगाकडे वळते. १९६८ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने स्किझोफ्रेनियाचा नऊ देशांत अभ्यास सुरू केला; त्यात नायजेरियाचे इबादान होते, आपले आग्राही होते. पुढच्या पाहणीत या दोन्ही ठिकाणचे बरेच रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांहून चांगले सावरलेले आढळले. तरीही २०१९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेला नायजेरियात साखळदंडांतली माणसे भेटली, आणि मुळात १९१६ चा असलेला वेड्यांचा कायदा बदलायला २०२३ उजाडले. परंपरेतले काय घ्यावे आणि काय टाकावे, याचा निवाडा लांबोंनी सत्तर वर्षांपूर्वीच केला होता: नातेवाईक ठेवावेत, बेड्या काढाव्यात.