धर्मविषयक मतभेद आणि संवादाची मर्यादा : कोल्हापूरच्या इतिहासाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

न्यायदर्शनात चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद, केवळ विजयासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता प्रतिपक्षाचे खंडन करीत राहणे म्हणजे वितंडा होय. उत्तर देण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजेच पूर्वपक्ष, नीट मांडावा अशी शास्त्रचर्चेची रीत होती. या वर्गीकरणात चर्चेचा हेतू व पद्धती यांचा विचार आहे. मात्र मतभेद व्यक्त करणाऱ्यास त्याची कोणती किंमत मोजावी लागते, हा प्रश्न त्यात येत नाही. धर्मविषयक चर्चेतील सभ्यता पारखताना हाच प्रश्न निर्णायक ठरतो, असे कोल्हापूरच्या इतिहासावरून दिसते. प्रस्तुत लेखात वेदोक्त प्रकरण, सत्यशोधक व आर्य समाज यांचे सहअस्तित्व आणि २०१५ मधील घटना यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका :

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या आगमनामुळे महाराष्ट्रात धर्मविषयक जाहीर वादास नवे रूप आले. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या चर्चा हे त्याचे ठळक उदाहरण होय. या चर्चांचा इंग्रजी वृत्तांत अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी प्रसिद्ध केला. वृत्तांतकार हा वादातील एक पक्ष असल्याने तो सावधपणेच वाचावा लागतो. तरीही प्रतिपक्षाचे युक्तिवाद नोंदवून ठेवण्याजोगे आहेत, ही जाणीव त्यामागे दिसते. दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या धर्मावर कठोर टीका केली. मात्र हे सर्व उघड्यावर, श्रोत्यांसमक्ष घडले आणि टीकेला टीकेनेच उत्तर मिळाले.

वेदोक्त प्रकरण :

कोल्हापुरातील वाद याहून वेगळ्या स्वरूपाचा होता. १८९९ च्या कार्तिक महिन्यात राजर्षी शाहू महाराज पंचगंगेवर स्नानास गेले असता त्यांच्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे राजारामशास्त्री भागवत यांनी निदर्शनास आणले. शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही, असे त्याचे कारण पुढे करण्यात आले. भागवत हे स्वतः ब्राह्मण विद्वान होते, ही बाब लक्षणीय आहे. वादाचा आरंभ तरी सरळ जातीच्या रेषेवर झाला नव्हता.

दोन्ही बाजूंना आपापले शास्त्राधार होते. कलियुगात क्षत्रिय वर्ण उरलाच नाही, असे एका पक्षाचे म्हणणे होते. १६७४ मध्ये गागाभट्टांनी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक वैदिक विधींनी केला होता, हे दुसऱ्या पक्षाचे मुख्य प्रमाण होते. १९०१ मध्ये लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने अग्रलेख लिहून वेदोक्ताच्या मागणीस विरोध दर्शविला. येथपर्यंत हा वाद ग्रंथप्रामाण्याचा व इतिहासाचा होता आणि तसाच तो चालू शकला असता.

परंतु तो तसा चालला नाही. महाराजांकडे वेदोक्त विधी करण्यास नारायणशास्त्री सेवेकरी पुढे आले, तेव्हा त्यांच्यावर बहिष्काराचे अस्त्र उगारण्यात आले. दुसरीकडे, वेदोक्त विधी करण्यास नकार देणाऱ्या राजोपाध्यांचे वतन दरबाराने १९०२ मध्ये जप्त केले. राजोपाध्यांनी ब्रिटिश सरकारकडे दाद मागितली. ती फेटाळली गेली. १९०५ मध्ये करवीर पीठाने छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला आणि कोल्हापुरापुरता हा प्रश्न औपचारिकरीत्या मिटला.

या दोन कृती एकाच तराजूत तोलणे योग्य नाही. वतन हे सेवेच्या मोबदल्यात दिलेले असते. सेवा नाकारणाऱ्याचा त्यावरील हक्क संपतो, हा दरबाराचा युक्तिवाद निराधार नव्हता. शिवाय महाराजांची मागणी अवमानाच्या विरोधातील होती. तरीही या प्रकरणात वादी व निर्णय करणारा एकच होता, हे नाकारता येत नाही. बहिष्कार टाकणाऱ्या ब्रह्मवृंदाचीही स्थिती वेगळी नव्हती. तोही वादातील पक्ष असून दंड देण्याचा अधिकार स्वतःकडे घेत होता. मतभेदाचे रूपांतर दंडात झाले की वाद संपतो. मात्र कोणाचे मतपरिवर्तन होत नाही. वेदोक्तातील कटुता पुढे अनेक दशके ब्राह्मण-ब्राह्मणेतर राजकारणात टिकून राहिली, यावरून हे स्पष्ट होते.

सत्यशोधक व आर्य समाज :

पुढील काळात याच संस्थानात वेगळे चित्र दिसते. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली व भास्करराव जाधव यांनी त्याचे नेतृत्व केले. पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून धर्मविधी व्हावेत, हा सत्यशोधकांचा आग्रह होता आणि वेदांचे प्रामाण्य त्यांना मान्य नव्हते. १९१८ मध्ये कोल्हापुरात आर्य समाजाचे कार्य सुरू झाले. त्याची तर सर्व भिस्त वेदांवरच होती. महाराजांचा स्वतःचा कल वेदांकडे होता. तरीही परस्परविरोधी तत्त्वे मानणाऱ्या या दोन्ही संस्थांना त्यांनी आश्रय दिला. १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंच्या पीठाची स्थापना झाली, तेव्हा मध्यस्थच नको म्हणणाऱ्या सत्यशोधकांना ती रुचली नाही. मुकुंदराव पाटील यांच्या ‘दीनमित्र’ने तीवर टीका केली. ही टीका विरोधकांची नव्हे, तर चळवळीच्या सहप्रवाशांची होती. तरीही सत्यशोधक चळवळीविषयी महाराजांना असलेली आस्था त्यामुळे संपली नाही.

सत्यशोधकांची भाषा सौम्य नव्हती. त्यांच्या जलशांतून भिक्षुकशाहीची निर्भीड टवाळी होत असे. त्यामुळे सभ्यता म्हणजे केवळ मृदू शब्द, ही समजूत येथे अपुरी पडते. याच काळात संस्थानात विविध जाती-धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था सुरू झाली आणि १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा व दवाखाने यांतील अस्पृश्यता मोडण्याचे आदेश निघाले. कोणाची श्रद्धा कोणती, यावर त्याचे पाणी व शिक्षण अवलंबून राहू नये, ही या धोरणाची दिशा होती. मतभेद निर्भयपणे मांडता यावेत यासाठी लागणारा पाया या धोरणाने घातला.

२०१५ ची घटना :

हा पाया किती नाजूक आहे, हे याच नगराने नंतर अनुभवले. कोल्हापूरला कर्मभूमी मानणारे गोविंद पानसरे यांनी ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तिकेतून शिवाजी महाराजांच्या धर्मविषयक धोरणाची मांडणी केली होती. ही मांडणी अमान्य असणाऱ्यास प्रतिपुस्तिका लिहिण्याचा मार्ग मोकळा होता. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून येताना पानसरे व त्यांच्या पत्नी उमा यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या; २० फेब्रुवारीस पानसरे यांचे निधन झाले. या हल्ल्यामागे कोण होते, हा न्यायालयाचा विषय आहे. इतिहासाच्या अभ्यासकापुढील बाब वेगळी आहे. वेदोक्त प्रकरणातील बहिष्कार व जप्ती यांचा घाव प्रतिष्ठेवर आणि चरितार्थावर पडला होता. येथे तो प्राणांवर पडला. पानसरे यांच्या स्मरणार्थ कोल्हापुरात ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ काढले गेले. विचार मांडणाऱ्यांना साध्या प्रभातफेरीमागे ‘निर्भय’ हे विशेषण लावावे लागले, यातच परिस्थितीचे गांभीर्य आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. धर्मविषयक चर्चेतील सभ्यता ही भाषेच्या सौम्यतेपेक्षा प्रतिपक्षाच्या सुरक्षिततेवर अधिक अवलंबून असते. तिखट शब्दांतील वाद सभ्य असू शकतो आणि गोड शब्दांतील बहिष्कार असभ्य असतो.

२. वादातील पक्षानेच दंडाचा अधिकार हाती घेतला, तर न्याय्य बाजूचा विजयही मनपरिवर्तनावाचून अपुरा राहतो.

३. सत्ताधाऱ्याने स्वतःच्या श्रद्धेहून भिन्न मतास दिलेला आश्रय ही सहिष्णुतेची खरी कसोटी होय. राजर्षी शाहूंच्या उत्तरकाळात कोल्हापूर या कसोटीस बऱ्याच अंशी उतरले.

४. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडण्याची जुनी रीत आजही उपयुक्त आहे; मात्र पूर्वपक्ष मांडणारा जिवंत व निर्भय राहील, याची हमी समाजाने दिली तरच तिला अर्थ उरतो.