मांजर, लिली आणि उशिरा उमगलेले विष

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आठवतात. पण विषांनाही इतिहास असतो. वनस्पती हजारो वर्षे तशीच असते. ती कोणाच्या शेजारी नेऊन ठेवली यावर तिचे विष कोणाला बाधणार हे ठरते. मांजर आणि लिली यांची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

अमेरिकेत जिला ईस्टर लिली म्हणतात ती पांढरी, कर्ण्याच्या आकाराची फुले येणारी लिली मूळची जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटांवरची. ईस्टरच्या सणाला ती चर्चमध्ये आणि घरात ठेवण्याची प्रथा अमेरिकेत पडली, आणि १९४१ पूर्वीच्या काळात तिचे कांदे मुख्यतः जपानमधून येत. १९१९ साली लुई हॉटन नावाच्या गृहस्थाने सुटकेस भरून कांदे ऑरेगनच्या दक्षिण किनाऱ्यावर आणले आणि ओळखीच्या हौशी बागवाल्यांना वाटले. १९४१ मध्ये जपानशी युद्ध पेटले, आयात थांबली, कांद्यांचे भाव कडाडले आणि हौसेचा धंदा झाला. १९४५ पर्यंत पॅसिफिक किनाऱ्यावर सुमारे १२०० उत्पादक ही लागवड करू लागले होते.

याच दशकात मांजराच्या राहणीतही बदल झाला. घरातल्या मांजराच्या शौचासाठी लोक राख किंवा वाळू ठेवत. तिची घाण व दुर्गंधी फार. १९४७ साली मिशिगनमधील एड लो याने त्याऐवजी ओल शोषून घेणारी वाळवलेली माती सुचवली आणि पुढे ती पिशव्यांत भरून विकली. आता मांजर बारा महिने घरात ठेवणे सोपे झाले. गवत चघळण्याची मांजराची सवय मात्र उपजत असते. घरात गवत नसले की ते कुंडीकडे आणि फुलदाणीकडे वळते. लिली आणि मांजर अशी एका छताखाली आली.

तरीही हे विष ओळखायला १९९० चे दशक का उजाडावे लागले? एक कारण असे की माणसाचे किंवा कुत्र्याचे मूत्रपिंड लिलीने निकामी होत नाही, त्यामुळे संशय येत नव्हता. दुसरे कारण लक्षणांच्या क्रमात आहे. मांजराला काही तासांत उलट्या होतात, मग ते सावरल्यासारखे वाटते आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. तोपर्यंत कुरतडलेली पाकळी कोणाच्या लक्षात राहणार? शिवाय एकेका पशुवैद्याकडे येणारे असे रुग्ण तुरळकच. विखुरलेल्या नोंदी एकत्र येण्यासाठी जागा हवी होती. प्राण्यांच्या विषबाधेवर दूरध्वनीवरून सल्ला देणारे केंद्र इलिनॉय विद्यापीठात १९७८ साली विल्यम बक यांनी सुरू केले, ते अशाच गरजेतून. ईस्टर लिलीमुळे मांजराच्या मूत्रपिंडाला इजा होते ही गोष्ट १९९२ मध्ये पशुवैद्यकांपुढे मांडली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की विष पाण्यात उतरते आणि पानांपेक्षा फुलांचा अर्क अधिक घातक असतो. विषाचा नेमका रेणू अजूनही हाती लागलेला नाही.

मांजराच्या शरीराचे वेगळेपण त्याआधीच एका दुसऱ्या वाटेने कळू लागले होते. बरेच सस्तन प्राणी फिनॉलसारख्या पदार्थांना यकृतात ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ते लघवीवाटे टाकतात. मांजर हे करते का, असा प्रश्नच १९५८ साली रॉबिन्सन आणि विल्यम्स यांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकात विचारला होता. २००० साली उत्तराचा मोठा भाग मिळाला: या कामाचे एक महत्त्वाचे जनुक मांजरात मोडलेले आहे. २०११ च्या अभ्यासाप्रमाणे ते सिंह, चित्ता अशा साऱ्या मार्जारकुळात मोडलेले आहे. मांसावरच जगणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतील रसायने निकामी करण्याची गरज उरली नाही, म्हणून ते टिकले नाही, असा तर्क आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारक ठरते ती यामुळे. लिलीच्या विषाचे कारण हेच, असे मात्र सिद्ध झालेले नाही. दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणून त्या जोडण्याचा मोह आम्हा संशोधकांनाही आवरावा लागतो.

आता या लिली आपल्याकडेही शहरांतील पुष्पगुच्छांत असतात. ज्या घरात मांजर आहे तिथे त्या नकोतच. अंगावर पडलेले परागकण चाटणे किंवा फुलदाणीतले पाणी पिणे एवढेही पुरते. शंका आली तर दूध पाजून वाट पाहू नये. तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. पहिल्या १८ तासांच्या आत शिरेतून द्रव देणे सुरू झाल्यास मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते. नावावरूनही फसू नये. ‘पीस लिली’ ही अळूच्या कुळातली. तिने तोंडाची आग होते, मूत्रपिंड जात नाही. आपली कळलावी खरी लिली नव्हे, पण तिच्यातील कोल्चिसिन माणूस आणि मांजर दोघांनाही घातक आहे.

वर्गात विद्यार्थी विचारतात, “हे झाड विषारी आहे का?” या प्रश्नाला “कोणासाठी?” असा प्रतिप्रश्न करायची सवय आपण त्यांना लावू या. तो वेळीच विचारला गेला असता, तर कितीतरी मांजरे वाचली असती.