नहर, बंब आणि शॉवर : अहमदनगरच्या न्हाणीघरातील निगेचा इतिहास

जलव्यवस्थेचा इतिहास लिहिताना ती कोणी बांधली हा प्रश्न प्रथम विचारला जातो, आणि बहुधा चौकशी तेथेच थांबते. ती स्वच्छ कोण ठेवीत होते, कोणत्या साधनांनी ठेवीत होते आणि ते काम थांबल्यावर काय घडले, हे प्रश्न गौण मानले जातात. वस्तुतः न्हाणीघरापर्यंत पाणी पोहोचत राहते ते बांधणाऱ्याइतकेच निगा राखणाऱ्यामुळे. शॉवरची छिद्रे क्षाराने बुजली आणि पाण्याच्या सरळ धारा वेड्यावाकड्या पडू लागल्या की ही गोष्ट सामान्य गृहस्थाच्याही ध्यानी येते. बुजणाऱ्या छिद्राचा हा प्रश्न नवा नाही. 2024 मध्ये ज्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले, त्या अहमदनगर शहराच्या पाण्याच्या इतिहासात तो निजामशाही काळापासून निरनिराळ्या रूपांत आढळतो.

मलिक अहमद याने 1490 मध्ये बहमनी सत्तेपासून अलग होऊन निजामशाहीचा पाया घातला आणि त्यानंतर सीना नदीच्या काठी आपली नवी राजधानी वसविली. सीना ही बारमाही भरवशाची नदी नव्हे. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात मोठ्या वस्तीला पाणी पुरवायचे तर ते शहराभोवतीच्या उंच भागातून आणणे प्राप्त होते. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा गावांच्या परिसरातून शहराकडे आणलेल्या नहरी ही या गरजेची निष्पत्ती होय. उंचावरील विहिरींत व झऱ्यांत साठणारे पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत येई. ते वाहून नेण्यासाठी भाजलेल्या मातीचे खापरी नळ एकात एक बसवून, सांधे चुन्याने बंद करून, सभोवार दगडचुन्याचे बांधकाम केलेले असे.

या नहरींचा सर्वांत बोलका अवयव म्हणजे उच्छ्वास. नळाच्या मार्गावर ठिकठिकाणी उभारलेल्या या दगडी मनोऱ्यांत पाणी आपल्या पातळीपर्यंत चढते, नळात कोंडलेली हवा बाहेर पडते आणि पुढच्या नळावरील दाब आटोक्यात राहतो. तेथे पाण्याचा वेग मंदावत असल्याने गाळही खाली बसतो. याचा अर्थ असा की उच्छ्वास हे जसे वाहतुकीचे, तसेच सफाईचेही साधन होते. बंद नळात साचलेला गाळ काढावयाचा तर नळ फोडावा लागतो. पण उच्छ्वासाच्या तळाशी बसलेला गाळ उपसता येतो. असाच विचार विजापूरच्या आदिलशाही जलव्यवस्थेतील गंज नावाच्या मनोऱ्यांत, आणि बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या कारकिर्दीत 1750 च्या सुमारास पुण्यास आणलेल्या कात्रजच्या नळात दिसून येतो.

निगा राखणाऱ्यांविषयी लेखी पुरावा मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. रोमच्या कालव्यांचा अधिकारी म्हणून इसवी सन 97 मध्ये नेमल्या गेलेल्या फ्रॉन्टिनसने आपल्या ग्रंथात कालव्यांची देखभाल करणाऱ्या दोन पथकांची नोंद केली आहे. एकात 240 आणि दुसऱ्यात 460 माणसे होती. अहमदनगरच्या संदर्भात अशा ग्रंथाचा आधार नाही. सय्यद अली तबातबा आणि फिरिश्ता हे दोन्ही इतिहासकार निजामशाही दरबाराशी परिचित होते. परंतु त्यांच्या लेखनाचा भर राजे, लढाया आणि दरबारी घडामोडी यांवर आहे. म्हणून येथे वास्तूलाच साक्षीदार करावे लागते. नळाचा फुटलेला तुकडा बदलावयाचा तर कुंभार हवा, सांधा पुन्हा भरावयाचा तर चुना मळणारा आणि गवंडी हवा, उच्छ्वास उपसावयाचा तर त्यात उतरणारा मजूर हवा. झाडाची मुळे सांध्यातून नळात शिरली तर ती तोडणाराही हवा. ज्या रचनेला इतक्या हातांची सतत गरज आहे, ती दीर्घकाळ चालली एवढ्यावरूनच ते हात अस्तित्वात होते असे अनुमान काढता येते.

हा काळ किती दीर्घ होता? 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि 1636 मध्ये निजामशाही संपली. 1759 मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, पुढे तो शिंद्यांकडे गेला आणि 1803 मध्ये वेलस्लीने तो जिंकून घेतला. 1854 मध्ये नगरपालिका स्थापन झाली. 1884 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये शहराच्या पाणीपुरवठ्याचे साधन म्हणून या जुन्या नहरींचेच वर्णन येते. राजवंश बुडाला आणि त्याबरोबर नहरीही आटल्या, हे सोपे समीकरण येथे टिकत नाही. निजामशाहीच्या अस्तानंतर सुमारे अडीचशे वर्षे नहरी उपयोगात राहिल्या.

याच्या उलट उदाहरण फराहबागेचे आहे. मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत चंगीझखानाने आरंभिलेले आणि सलाबतखानाच्या देखरेखीखाली 1583 मध्ये पूर्ण झालेले हे काम म्हणजे विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी उभारलेला महाल होय. तो महाल आजही उभा आहे. परंतु त्याला शोभा देणारा तलाव कोरडा पडला. शहराची नहर आणि बागेचा तलाव या दोहोंच्या बांधणीत कौशल्याचा फरक नव्हता. फरक होता तो पाण्यावाचून अडणाऱ्यांच्या संख्येत. तलाव दरबारी विलासाचा होता. दरबार उठला तेव्हा त्याच्या सफाईची निकडही संपली. नहरीवर मात्र मोहल्ल्यांतील हौद आणि घरे अवलंबून होती. सत्ता कोणाचीही असो, नहर तुंबली तर सकाळी घागर भरत नसे. निगेचे सातत्य सत्तेपेक्षा अशा दैनंदिन गरजेवर अधिक अवलंबून असते, असे या दोन उदाहरणांवरून म्हणावे लागते. चंगीझखानाचाच एकेकाळचा गुलाम मलिक अंबर याने पुढे 1610 मध्ये खडकी वसविली आणि तेथे नहर आणली, ही गोष्टही या परंपरेचा विस्तार म्हणून लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नळातील गाळ हा सार्वजनिक प्रश्न. न्हाणीघरातील क्षार हा घरगुती. काळ्या पाषाणातून आणि चुनखडीचे खडे असलेल्या जमिनीतून झिरपणारे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे विरघळवून घेते. अशा दुष्फेन पाण्यात साबणाला फेस येत नाही, आणि ते तापविले की कर्बवायू निघून जाऊन अविद्राव्य कार्बोनेटाचा पांढरा थर मागे राहतो. फ्रान्समधील नीम शहराच्या रोमन कालव्यात असा थर साचत साचत काही ठिकाणी सुमारे अर्ध्या मीटरपर्यंत गेला होता. तोच व्यापार लहान प्रमाणात मराठी घरातील तांब्याच्या बंबात चाले. बंब बाहेरून चिंच आणि राख लावून लखलखीत केला जाई; चिंचेतील आम्ल तांब्यावरील काळपटपणा काढी. परंतु आतला क्षार दिसत नसे. तो साठला म्हणजे उष्णता पाण्यास उशिरा पोहोचे आणि जळण अधिक लागे. ही सफाई बहुतांशी घरातील स्त्रियांकडे असे, आणि घराच्या हिशेबात तिची नोंद होत नसे.

शॉवरने बंब, घंगाळ आणि तांब्या यांची जागा घेतली, तेव्हा क्षाराचा प्रश्न मोठ्या भांड्यातून बारीक छिद्रात आला. छिद्र जितके लहान तितका थोडा क्षारही पुरेसा होतो; शिवाय स्नानानंतर जाळीत उरलेले पाणी सुकते आणि थर वाढवीत जाते. धरणाच्या पाण्यापेक्षा बोअरच्या पाण्यात हे सामान्यतः अधिक वेगाने घडते. उपाय मात्र चिंचेच्याच जातीचा आहे. जाळी काढून पाणी मिसळलेल्या शिरक्यात किंवा लिंबाच्या रसात काही काळ बुडवावी, मऊ ब्रशने घासावी, छिद्रे बारीक सुईने मोकळी करावीत आणि स्वच्छ पाण्याने धुवावी. फरशीसाठी मिळणारे तीव्र अ‍ॅसिड वापरल्यास जाळीवरील मुलामा उडतो. ते ब्लीचिंग पावडरशी मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. निगेचा आरोग्याशीही संबंध आहे. 1976 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या मेळाव्यात पसरलेल्या न्यूमोनियाच्या साथीवरून लिजिओनेला हा जंतू ओळखला गेला. तो साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या तुषारांबरोबर श्वासात जातो. म्हणून बरेच दिवस बंद राहिलेल्या शॉवरचे पहिले पाणी, तुषार अंगावर न घेता, वाहू देणे इष्ट असते.

सारांश, नहरीचा उच्छ्वास, तांब्याचा बंब आणि शॉवरची जाळी ही तीन साधने एकाच इतिहासाची आहेत. गाळ आणि क्षार साठणारच, हे गृहीत धरून उच्छ्वास बांधला गेला. त्याची सफाई बांधकामातच सामावली होती आणि तिचा भार अनेकांनी मिळून उचलला. बंबाची सफाई घरातील स्त्रियांवर पडली. शॉवरच्या बाबतीत ती पुष्कळदा कोणाचीच नसते, आणि जाळी बुजली की ती टाकून नवी आणली जाते. जलव्यवस्थेच्या अभ्यासकाने शिलालेख आणि बखरी यांच्या जोडीला उच्छ्वासातील गाळाचे थर, नळांच्या सांध्यांतील निरनिराळ्या काळचा चुना आणि नगरपालिकेचे दुरुस्तीखर्चाचे हिशेब तपासले, तर बांधणाऱ्यांच्या नामावळीत न आलेल्या पुष्कळ माणसांचे श्रम इतिहासाच्या कक्षेत येऊ शकतील.