मांस आणि दूध-तूप कमी केल्याने तब्येत खरंच सुधारते का?

मटण महिन्यातून एकदाच. पोळीवर तूप नको. दूध बंद. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आला की अनेक घरांत असे नियम लागू होतात. काही जण तर दूध, दही, अंडी, मासे असं सगळंच एकदम सोडतात.

याचा फायदा होतो का? होतो. पण ताटातून काय काढलं यासोबतच त्या जागी काय आलं, हेही तितकंच महत्त्वाचं असतं.

कमी करायला का सांगतात?

पहिलं कारण आहे सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे संपृक्त मेद. लोणी, तूप, साय, चीज आणि चरबीयुक्त मटणात तो भरपूर असतो. तो जास्त झाला की रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढतं आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, दिवसभरातल्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा संपृक्त मेदातून येऊ नये. २,००० कॅलरीच्या आहारात हे प्रमाण साधारण २२ ग्रॅम होतं. एका मोठ्या चमचाभर तुपातच सुमारे ९ ग्रॅम संपृक्त मेद असतो.

दुसरं कारण कॅन्सरचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, बेकन, सलामी, हॅम अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कॅन्सरकारक ठरवलं. मटणासह सगळं लाल मांस 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात आलं. चिकन आणि मासे लाल मांसात मोडत नाहीत.

रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं या संस्थेने म्हटलं होतं. याचा अर्थ १०० पैकी १८ जणांना कॅन्सर होतो असा नाही. समजा, एरवी १०० पैकी ५ जणांना हा आजार होणार असेल, तर रोज असं मांस खाणाऱ्यांत ती संख्या ६ च्या आसपास जाईल.

आहार बदलून फरक पडल्याचं उदाहरण आहे का?

सर्वांत गाजलेलं उदाहरण फिनलंडच्या नॉर्थ करेलिया प्रांताचं आहे. १९६० च्या दशकात तिथल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या भागांइतकं होतं. दुग्धव्यवसायाचा हा प्रदेश. ब्रेडवर लोण्याचा जाड थर, सायीचं दूध आणि चरबीचं मांस हे रोजचं जेवण होतं. भाज्या फारच कमी.

१९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या महिला संघटनांनी कमी चरबीचे पदार्थ शिकवले. लोण्याच्या जागी वनस्पती तेल आलं, दूध कमी सायीचं झालं, ताटात भाज्या आणि बेरी वाढल्या. काही दूध उत्पादक शेतकरी बेरीच्या लागवडीकडे वळले.

पुढच्या सुमारे ३५ वर्षांत काम करण्याच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू जवळपास ८५ टक्क्यांनी घटले. धूम्रपान कमी होणं, रक्तदाबावरचे उपचार यांचाही त्यात वाटा होता. पण कोलेस्टेरॉल कमी होणं हे त्यातलं मोठं कारण मानलं जातं.

महाराष्ट्रातही हेच लागू होतं का?

सरसकट नाही. नॉर्थ करेलियात प्राणिजन्य पदार्थांचा अतिरेक होता. आपल्याकडे अनेक घरांत परिस्थिती उलटी आहे.

पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्गातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं आणि शाकाहारींमध्ये धोका अधिक होता.

बी-१२ नैसर्गिकरीत्या मांस, मासे, अंडी आणि दूध यांतूनच मिळतं. ते कमी पडलं तर रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा असे त्रास होऊ शकतात. आधीच शाकाहारी असलेल्या माणसाने दूध-दहीही सोडलं, तर बी-१२ चा आहारातला शेवटचा स्रोत जातो.

दुसरी अडचण बदलीच्या पदार्थांची. श्रावणात मटण-मासे बंद होतात, पण त्या जागी साबुदाणा आणि तळलेले पदार्थ आले तर हृदयाला फायदा नाही. साबुदाण्यात जवळपास फक्त स्टार्च असतं, प्रथिनं नाममात्र.

मग त्या जागी काय घ्यायचं?

प्रथिनांसाठी: डाळी, मटकी, चवळी, हरभरे, सोयाबीन, शेंगदाणे. ६० किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीतून त्यातली २० ते २२ ग्रॅम मिळतात. त्यामुळे पातळ वरणाच्या एका वाटीने भागत नाही.

कॅल्शियमसाठी: नाचणी आणि तीळ. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधात सुमारे १२०. पालकातही कॅल्शियम असतं, पण ऑक्झलेटमुळे त्यातलं थोडंच शरीराला लागतं.

मेदासाठी: लोण्या-तुपाऐवजी शेंगदाणा, तीळ, मोहरी यांसारखी तेलं, तीही मोजून. वनस्पती तूप हा पर्याय नाही.

दुधासाठी: पूर्ण बंद करण्याआधी प्रकार बदलता येतो. फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड. रोज ४०० मिली दूध घेणाऱ्याने फुल क्रीमऐवजी डबल टोन्ड घेतलं, तर २४ ग्रॅमच्या जागी साधारण ६ ग्रॅमच फॅट पोटात जातं. प्रथिनं आणि कॅल्शियम जवळपास तेवढंच मिळतं.

कुणी आधी डॉक्टरांशी बोलावं?

गरोदर आणि स्तनदा माता, लहान मुलं आणि वृद्ध यांनी हे पदार्थ स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये औषधामुळेही बी-१२ कमी होऊ शकतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळी आणि प्रथिनं वाढवण्याआधी विचारून घ्यावं.

सगळेच प्राणिजन्य पदार्थ सोडायचे असतील तर बी-१२ ची गोळी किंवा ते मिसळलेले पदार्थ लागतातच. कोलेस्टेरॉलसाठी आहार बदलला असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावं. त्याच वेळी बी-१२ आणि हिमोग्लोबिनही पाहून घेतलं, तर बदलाचा फायदा आणि नुकसान दोन्ही कळतं.