आशेचा इतिहास : स्वमग्नतेवरील ‘सिक्रेटिन’ उपचार आणि पालकांची भूमिका

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा यशस्वी औषधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. फसलेल्या उपचारांना त्यात तळटीपेपलीकडे स्थान मिळत नाही. परंतु ज्या अवस्थेवर हमखास उपाय उपलब्ध नाही, तिच्या बाबतीत फसलेले उपचारच समाजमनाचे अधिक बोलके साधन ठरतात. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत निबंधात १९९६ ते २००४ या काळात अमेरिकेत गाजलेल्या ‘सिक्रेटिन’ उपचाराच्या आधारे पालकांची आशा कशी घडली आणि शास्त्रीय पुराव्यानंतरही ती का टिकली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

दोषारोपाची पार्श्वभूमी

१९४३ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला. ही अवस्था जन्मजात असावी, असे त्यांनी त्यात सुचविले होते. मात्र १९४९ च्या लेखनात त्यांनी पालकांच्या भावनिक थंडपणावर भर दिला. शिकागो येथील ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात हा विचार टोकाला नेला. परिणामी, मुलाच्या अवस्थेचे दुःख भोगणाऱ्या मातेवरच त्या दुःखाचे अपश्रेय लादले गेले.

या मताला पहिले सबळ आव्हान दिले ते बर्नार्ड रिमलँड यांनी. अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेले रिमलँड हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या अवस्थेचे मूळ जैविक असल्याचे साधार प्रतिपादन केले. १९६५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९६९ मध्ये याच संघटनेच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीररीत्या दोषमुक्त केले.

या संघर्षातून पालकवर्गाने दोन निष्कर्ष काढले : तज्ज्ञांचे मत चुकू शकते आणि घरातील निरीक्षण बरोबर असू शकते. दोन्ही निष्कर्ष अनुभवाने सिद्ध झालेले होते. सिक्रेटिनचे प्रकरण समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे.

सिक्रेटिनचे प्रकरण

सिक्रेटिन हे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात तयार होणारे संप्रेरक असून ते स्वादुपिंडाला स्राव सोडण्यास उद्युक्त करते. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लंडन येथे त्याचा शोध लावला. स्वादुपिंडाच्या तपासणीपुरता त्याचा वापर होत असे. १९९६ मध्ये पोटाच्या तक्रारीसाठी मेरीलँड विद्यापीठात तपासणी झालेल्या एका स्वमग्न मुलाला ते देण्यात आले. त्यानंतर त्याच्या बोलण्यात आणि नजरेला नजर देण्यात लक्षणीय सुधारणा झाल्याचे पालकांना जाणवले. १९९८ मध्ये तेथील डॉक्टरांनी अशा तीन मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा विषय अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर आला आणि औषधाची मागणी इतकी वाढली की त्याचा तुटवडा निर्माण झाला. रिमलँड यांनीही या उपचाराचा उत्साहाने पुरस्कार केला. ज्या निष्ठेने त्यांनी मातांना दोषमुक्त केले होते, त्याच निष्ठेने ते मातांच्या या निरीक्षणामागे उभे राहिले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

चाचणी आणि तिचा अर्थ

डिसेंबर १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात ६० मुलांवरील नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही मुलांना सिक्रेटिनचा एक डोस, तर काहींना केवळ क्षारयुक्त पाणी टोचण्यात आले होते. कोणाला काय दिले, हे पालकांना ठाऊक नव्हते. सुधारणा दोन्ही गटांत आढळली आणि ती जवळजवळ सारखी होती. म्हणजे पालक खोटे बोलत नव्हते. मुले वाढत असतात, लक्षणांत चढउतार होत असतात आणि आशेने पाहणाऱ्या नजरेला लहानसा बदलही टिपता येतो. मात्र त्या बदलाचे श्रेय औषधाकडे जात नव्हते.

या चाचणीतील सर्वांत विचारप्रवर्तक बाब वेगळीच आहे. निष्कर्ष सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांनी सिक्रेटिनमध्ये आपल्याला रस असल्याचे सांगितले. याला केवळ अज्ञान म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. एकदा तज्ज्ञांनीच दोषी ठरविलेल्या समाजगटाचा तज्ज्ञांच्या नकारावर सहजासहजी विश्वास बसत नाही. शिवाय नकारासोबत दुसरा कोणताही मार्ग त्यांच्या हाती दिला गेला नव्हता. २००४ मध्ये एका औषध कंपनीची मोठी चाचणीही अपयशी ठरली. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात ९०० हून अधिक मुलांचा समावेश असलेल्या १६ चाचण्या तपासूनही लाभाचा पुरावा आढळला नाही.

दरम्यान, या चर्चेत तिसरा आवाज उमटला होता. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने पालकांना उद्देशून असे मांडले की, स्वमग्नता ही मुलापासून वेगळी काढता येणारी वस्तू नव्हे. ती नाहीशी व्हावी ही इच्छा मुलाला आपल्या जागी दुसरेच मूल हवे अशी ऐकू येते. बरे होण्याची आशा नेमकी कोणासाठी, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच ठळकपणे पुढे आला.

भारतीय संदर्भ

भारतातही या क्षेत्रातील संघटित कार्यात पालकांचा वाटा मोठा आहे. दिल्लीतील ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ मध्ये एका मातेच्या पुढाकाराने सुरू झाली. योगायोग असा की, सिक्रेटिनची चाचणी प्रसिद्ध झाली त्याच महिन्यात, डिसेंबर १९९९ मध्ये, आपल्याकडे राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत झाला. स्वमग्नतेसह चार प्रकारच्या अपंगत्वांसाठी असलेल्या या कायद्यात कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद आहे. ‘आमच्या पश्चात याचे काय?’ या प्रत्येक घरातील प्रश्नाला दिलेले ते राज्यसंस्थेचे उत्तर होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश झाला.

तथापि, चमत्काराची बाजारपेठ संपलेली नाही. स्वमग्न मुलांना मूलपेशी उपचार देण्याचा प्रकार आपल्या देशात फोफावला आणि हा उपचार शिफारसयोग्य नसल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये स्पष्ट करावे लागले. औषधाचे नाव बदलले, आशेचे स्वरूप तेच राहिले.

समारोप

पालकांची आशा ही विज्ञानाची शत्रू नाही. बेटलहाइमच्या मताचा पाडाव करण्याचे बळ याच आशेने दिले होते. मात्र तीच आशा पडताळणीविना राहिली, तर तिचा व्यापार होतो, असे सिक्रेटिनचा इतिहास सांगतो. केवळ ‘हे औषध निरुपयोगी आहे’ एवढे सांगून तो व्यापार थांबत नाही. शाळेत प्रवेश, संवादाचे प्रशिक्षण, प्रौढपणी निवारा आणि काम यांची हमी जेथे नसते, तेथे पालक इंजेक्शनच्या रांगेत उभे राहणारच. म्हणून उपचारांच्या चिकित्सेइतकीच सोयींच्या निर्मितीची जबाबदारीही समाजाने आणि आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांनी स्वीकारली पाहिजे.