वेगावर ताबा, इंधनाची बचत आणि दंडापासून सुटका

वाहनाच्या इंधनावर होणारा खर्च आणि अतिवेगाबद्दल भरावा लागणारा दंड या दोन गोष्टींचा एकत्र विचार सहसा केला जात नाही. इंधनाचे पैसे पंपावर मोजले जातात, तर दंडाचा संदेश काही दिवसांनी मोबाइलवर येतो. त्यामुळे हे दोन वेगळे खर्च आहेत, असा समज होतो. प्रत्यक्षात या दोहोंचे मूळ बहुतांशी एकाच सवयीत असते. ती सवय म्हणजे गरजेपेक्षा अधिक वेग घेणे आणि पुढच्याच क्षणी ब्रेक दाबून तो गमावणे. ही सवय सुटली, तर इंधन वाचते, दंड टळतो आणि अपघाताची शक्यताही कमी होते.

आलमबागचे उदाहरण

उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ येथील आलमबाग हा भाग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. अवधचा अखेरचा नवाब वाजिद अली शाह याने उभारलेल्या बागेवरून हे नाव पडले. १८५७ च्या लढ्यात ही जागा इतिहासात नोंदली गेली. आज हा भाग शहरातील अत्यंत वर्दळीच्या भागांपैकी एक आहे. चारबाग रेल्वे स्थानक येथून जवळ आहे. २०१८ मध्ये येथे राज्य परिवहनाचे नवे बसस्थानक सुरू झाले. सप्टेंबर २०१७ पासून कानपूर रस्त्यावरून उन्नत मार्गाने मेट्रो धावते आणि 'आलमबाग' व 'आलमबाग बसस्थानक' अशी तिची दोन स्थानके येथे आहेत.

आलमबागहून कानपूरच्या दिशेने निघालेल्या चालकाला काही किलोमीटरच्या अंतरात रस्त्याची दोन अगदी वेगळी रूपे भेटतात. आधी रिक्षा, बस, हातगाड्या आणि पादचारी यांनी गजबजलेले चौक लागतात. मग अमौसी विमानतळ मागे पडला की महामार्ग मोकळा होऊ लागतो. पुण्यातील स्वारगेटहून किंवा ठाण्यातील तीन हात नाक्यावरून शहराबाहेर पडणाऱ्या चालकाचा अनुभव याहून वेगळा नसतो. प्रत्येक टप्प्यावर इंधन वाया जाण्याचे कारण निराळे असते. म्हणून उपायही टप्प्याटप्प्याने पाहावे लागतात.

शहरात : चौक ते चौक

गर्दीच्या रस्त्यावर इंधन मुख्यतः वेग वाढवताना खर्ची पडते. गतिमान वाहनातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेग घेतला, तर वेग दीडपट होतो, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबताच ही सर्व ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते.

या मोबदल्यात मिळणारा वेळ किती असतो? दोन सिग्नलांमधील अंतर दीड किलोमीटर धरले, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने सव्वादोन मिनिटे आणि ६० किलोमीटर वेगाने दीड मिनिट लागते. वाचलेली ४५ सेकंदे बहुधा पुढच्या लाल दिव्यापाशी थांबण्यात जातात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत आक्रमकपणे वाहन चालविल्यास एका लिटरमध्ये कापले जाणारे अंतर १० ते ४० टक्क्यांनी घटू शकते.

यावरचा उपाय सोपा आहे. चालकाने केवळ पुढच्या वाहनाकडे न पाहता त्याच्याही पुढच्या दोन-तीन वाहनांकडे लक्ष ठेवावे. सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवूनच तिचा वेग उतरू द्यावा. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला, की इंजिनाला होणारा इंधनपुरवठा जवळजवळ बंद होतो. पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर राखले, तर वारंवार ब्रेक लावण्याची वेळच येत नाही.

सिग्नलला उभे असताना इंजिन चालू ठेवणे हाही अपव्ययच होय. इंधनबचतीच्या प्रचारासाठी १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने (पीसीआरए) अनेक वर्षे असे सांगितले, की सुमारे १४ सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबायचे असल्यास इंजिन बंद करणे फायद्याचे ठरते. दिव्याखाली उलटे सेकंद मोजणारा फलक असेल, तर हा निर्णय घेणे आणखी सोपे होते.

महामार्गावर : हवेचा अडथळा

मोकळ्या रस्त्यावर ब्रेकची गरज कमी भासते. तेथे इंधन खाणारा मुख्य घटक असतो हवेचा विरोध. हा विरोधही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० किलोमीटरवर गेल्यास तो सुमारे ५६ टक्क्यांनी, तर १०० वरून १२० वर गेल्यास आणखी ४४ टक्क्यांनी वाढतो. टपावरील कॅरिअरवर लादलेले सामान हा विरोध अधिकच वाढवते. म्हणून काम संपताच कॅरिअर काढून ठेवावे.

पीसीआरएच्या सूचनांनुसार मोटारी ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने सर्वांत काटकसरीने चालतात आणि ताशी ८० किलोमीटरच्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत अधिक अंतर देऊ शकतात. महामार्गावर इतक्या कमी वेगाने जाणे नेहमीच व्यवहार्य किंवा सुरक्षित नसते. तथापि, १०० ऐवजी ८० ते ९० किलोमीटरचा स्थिर वेग डाव्या मार्गिकेत राखणे बहुतेकांना शक्य असते. आलमबाग ते कानपूर हे अंतर साधारण ८० किलोमीटर धरल्यास ताशी ८० वेगाने एक तास आणि ताशी १०० वेगाने ४८ मिनिटे लागतात. रहदारीचा कोणताही अडथळा नसताना होणारी ही बचत १२ मिनिटांची आहे. वाटेत एकदा चहाला थांबले, तरी ती संपते.

वेग आणि इंधन यांच्या या नात्याचा उपयोग एका देशाने धोरण म्हणूनही केला. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये कायदा करून देशभरातील महामार्गांवर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, अशी वेगमर्यादा लागू केली. ही राष्ट्रीय मर्यादा १९९५ मध्ये पूर्णपणे रद्द झाली.

उतारावर : चुकीची बचत

इंधन वाचविण्याच्या नावाखाली रूढ झालेली एक सवय मात्र प्राणघातक आहे. ती म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे किंवा इंजिनच बंद करणे. जड वाहनांच्या ब्रेकला लागणारी दाबाखालील हवा इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर पुरवतो. इंजिन बंद झाले, की साठ्यातील हवा ब्रेकच्या प्रत्येक वापरासोबत कमी होत जाते. गिअर सुटल्याने इंजिनाचा वेग रोखणारा आधारही नाहीसा होतो. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि अखेरीस निकामी होतात.

पुण्यातील नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवले होते, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले होते. इंजेक्शन पद्धतीच्या वाहनात ही युक्ती निरर्थकही आहे. गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीला इंधन जवळजवळ लागत नाही, उलट न्यूट्रलमधील इंजिन चालू राहण्यासाठी इंधन घेतच राहते. घाट चढताना जो गिअर लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये घाट उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही योग्य आहे.

कॅमेरा आणि कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ नुसार वेगमर्यादा ठरतात आणि कलम १८३ मध्ये त्यांच्या उल्लंघनासाठी शिक्षा सांगितली आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हलक्या मोटार वाहनांसाठी १,००० ते २,००० रुपये, तर मध्यम व अवजड प्रवासी किंवा मालवाहू वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये दंड ठरविला. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर गुन्हा घडल्यास चालकाचा परवानाही जप्त होऊ शकतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ समाविष्ट झाला. अपघातप्रवण महामार्ग आणि दहा लाखांहून अधिक लोकसंख्येची मोठी शहरे येथे वेग टिपणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे बसवावीत, असे त्यात म्हटले आहे. यासोबत दिलेल्या १३२ शहरांच्या यादीत लखनौचा समावेश आहे. कॅमेरे असल्याची सूचना देणारे फलक ठळकपणे लावणे बंधनकारक करण्यात आले आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठविण्याची तरतूद करण्यात आली.

कॅमेरा दिसताच ब्रेक लावायचा आणि तो मागे पडताच पुन्हा वेग वाढवायचा, असा अनेकांचा प्रघात आहे. यात इंधन दोनदा वाया जाते. शिवाय ही युक्ती आता सर्वत्र चालत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये कार्यान्वित झालेली यंत्रणा दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही मोजते. दोन कमानींमधील अंतर ठरावीक वेळेच्या आत कापले, की कॅमेऱ्यासमोर वेग कमी असूनही चलान निघते. अशा मार्गावर संपूर्ण अंतरभर मर्यादेत राहणे हाच एकमेव उपाय उरतो.

वेगमर्यादा सर्व रस्त्यांवर सारखी नसते, याचेही भान ठेवावे. जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गावरील मर्यादेची सवय घेऊन चालक मुंबई–पुणे मार्गाच्या घाटात शिरला, तर चलान निश्चित. यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यातील दाट धुक्यामुळे हलक्या वाहनांची मर्यादा दरवर्षी ताशी १०० वरून ७५ किलोमीटरवर आणली जाते. मोबाइलवरील नकाशापेक्षा रस्त्याकडेचा फलक प्रमाण मानावा.

ई-चलानचा संदेश नोंदणी पुस्तकातील मोबाइल क्रमांकावर येतो. हा क्रमांक परिवहन कार्यालयात अद्ययावत करून घ्यावा. चलान चुकीचे वाटल्यास त्यावर हरकत घेता येते. चलानच्या नावाने फाइल किंवा अनोळखी दुवा पाठवून फसवणुकीचे प्रकार घडत असल्याने संदेशातील दुवा न उघडता शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाहन क्रमांक घालून खातरजमा करावी.

बचतीचा हिशेब

वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी आणि लिटरमागे १५ किलोमीटर देणारी मोटार ८०० लिटर पेट्रोल घेते. सवयी सुधारून १० टक्के बचत झाली, तरी ८० लिटर वाचतात. लिटरचा दर १०० रुपये धरल्यास ही रक्कम ८,००० रुपये होते. एका लिटर पेट्रोलच्या ज्वलनातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने दरवर्षी सुमारे १८४ किलो वायूही टळतो. गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशात या बचतीला वैयक्तिक लाभापलीकडचेही मोल आहे.

सर्वांत मोठा हिशेब मात्र जीविताचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी संबंधित होते. मृतांची संख्या उत्तर प्रदेशात सर्वाधिक होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. आलमबागसारख्या भागात, जेथे बसमधून उतरलेला प्रवासी थेट रस्ता ओलांडू लागतो, तेथे या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

चालकांनी लक्षात ठेवावे असे

• टायरमधील हवा किमान पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना तपासावी. पीसीआरएच्या माहितीनुसार हवेचा दाब २५ टक्क्यांनी कमी असल्यास ५ ते १० टक्के अधिक पेट्रोल लागते.

• वेग सावकाश वाढवावा, वरच्या गिअरमध्ये वेळेवर जावे आणि क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये.

• दुचाकीचा मागचा ब्रेक घासत नाही ना आणि साखळी योग्य ताणलेली आहे ना, हे पाहावे.

• डिकीतील अनावश्यक वजन कमी करावे.

• उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवावी. इंजिन कधीही बंद करू नये.

• वेगमर्यादा ही गाठायची संख्या मानू नये. धुके, पाऊस किंवा गर्दी असेल, तर त्याहून कमी वेग ठेवावा.

• प्रवासाला दहा मिनिटे आधी निघावे. वेगाने वाचणारा वेळ बहुधा याहून अधिक नसतो.